कॅमेऱ्यापुढचा चित्रकार

आज आपण एक छोटा प्रसंग घेणार आहोत. त्यातला प्रश्न मात्र मोठा आहे. काम करणाऱ्या कलावंतावर कॅमेरा रोखला, तर टिपलं जातं ते त्याचं काम, की कामाचं दर्शन?

साल १९५०. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचं स्प्रिंग्ज हे खेडं. तिथे जॅक्सन पोलॉक एका जुन्या कोठारात चित्रं काढत असे. कॅनव्हास जमिनीवर अंथरलेला, हातात काठी किंवा वाळून कडक झालेला ब्रश, आणि रंग वरून ओघळत सोडायचा. त्या उन्हाळ्यात हान्स नामुथ या छायाचित्रकाराने तिथे पाचशेहून अधिक छायाचित्रं घेतली. कोठारात उजेड कमी, त्यामुळे हलता हात फिल्मवर धूसर उमटला. ती धूसरताच पुढे पोलॉकची ओळख झाली, बरं का!

मग नामुथला चित्रपट करावासा वाटला. रंगीत फिल्मला भरपूर उजेड हवा आणि दिव्यांचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून चित्रकाराला अंगणात आणलं. चेहरा आणि रंग एकाच चौकटीत दिसावेत यासाठी कॅनव्हासऐवजी काच आली. पोलॉक वरून रंग टाकतोय आणि नामुथ काचेखाली उताणा पडून चित्रण करतोय! कोठार गेलं, कॅनव्हास गेला, एकांतही गेला. काचेवरच्या पहिल्या चित्राशी आपला संपर्क तुटला, म्हणून दुसरं सुरू केलं, असं चित्रपटाच्या निवेदनात पोलॉक स्वतःच सांगतो.

नोव्हेंबरअखेर चित्रण संपलं. सुमारे दोन वर्षं दारूपासून दूर राहिलेला पोलॉक त्याच दिवशी पुन्हा प्यायला, आणि रात्री त्याने वाढलेलं जेवणाचं टेबल उलथवलं. याचं सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडण्याचा मोह होतो. पण एकामागून दुसरी गोष्ट घडली म्हणजे पहिली कारण ठरत नाही. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात.

कॅमेऱ्याने काय केलं, ते दुसरीकडे शोधायला हवं. अॅरिस्टॉटलने निर्मिती आणि कृती यांत भेद केला. निर्मितीचं साध्य तिच्याबाहेर, घडलेल्या वस्तूत असतं. कृतीचं साध्य कृतीतच. पोलॉक निर्मिती करत होता. छायाचित्रांनी लोकांना दाखवली ती कृती. १९५१मध्ये सुमारे दहा मिनिटांचा तो चित्रपट प्रदर्शित झाला. १९५२च्या डिसेंबरात हॅरोल्ड रोझेनबर्ग या समीक्षकाने नव्या अमेरिकी चित्रकारांवर लिहिताना, कॅनव्हास हे कृती करण्याचं रिंगण झालं आहे, अशी मांडणी केली. त्याने पोलॉकचं नाव घेतलं नव्हतं, तरी वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा तोच उभा राहिला.

या सगळ्यात निसटलं काय? चित्र भिंतीला लावून दिवसचे दिवस नुसतं पाहत राहणं. पुढे काय करायचं, आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं, हे पोलॉक तेव्हा ठरवत असे. पाहत बसलेल्या माणसाचं चित्रण कोण करणार? पण आम्हाला वाटतं, चित्रकाराच्या कामाचा मोठा भाग तोच आहे.

ती काच आज ओटावात, कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तिच्यावर रंगाबरोबर दोरा, तारेची जाळी आणि खडेही आहेत. आता तिच्याखाली कुणी झोपलेलं नाही. चित्रपट जरूर पाहावा. पण पोलॉकविषयी मत बनवायचं असेल, तर त्याच्या चित्रांसमोर त्याहून अधिक वेळ घालवावा.