दुसऱ्या गिअरात बोरघाट

लोणावळ्याच्या टपरीवर उस्ताद चहाचा ग्लास एका दमात रिकामा करतात आणि ट्रकला वळसा घालून डाव्या दारानं चढतात. म्हणजे उजवं दार तुझं. आतापर्यंत खंबाटकी त्यांनी काढला, कात्रज त्यांनी काढला. तू नुसता बघत आलास.

जानेवारी १९७८, रात्रीचा दीड. सवयीनं खिसा चाचपतोस. मोबाइल नाही, तिथं लायसनची पुस्तिका आहे, जड वाहनाच्या शिक्क्याची शाई नुकती वाळलेली. एक्स्प्रेस वे व्हायला अजून वीसएक वर्षं आहेत. इथून मुंबईला उतरायचं तर हाच रस्ता, मूळचा १८३० सालचा, घोडागाड्यांच्या काळात काढलेला. लोणावळा ते खोपोली, अठराशे फुटांच्या आसपास उतार. पाठीमागं कोल्हापूरच्या शाहूपुरीतला गूळ, मशीद बंदरात पोचवायचा.

गाडी टाटाची १२१०. चासी कारखान्याची, पण लाकडी केबिन गावातल्या सुतारानं बांधलेली. खड्डा आला की सगळी बोलते. पॉवर स्टिअरिंग नाही. चाक वळवायला खांदा लागतो. अशा गाड्यांवर हल्ली लोक जीव टाकतात, पण त्यांनी तिचं स्टिअरिंग एकदा धरून बघावं. तुझे तळवे ओले आहेत. तू ते पँटीला पुसतोस, पुन्हा ओले होतात.

"घाबरलास?" उस्ताद विचारतात.

"नाही."

"मग उतर खाली. न घाबरणाऱ्याला मी घाटात गाडी देत नाय."

तू गप्प बसतोस. तेच उत्तर समजून ते मान हलवतात. "हे बघ. ज्या गिअरात हा घाट चढतोस, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाय. इंजिन वरडू दे, वरडणारं इंजिन गाडी धरतं. घाई कुणाला हाय? गूळ काय नासतोय व्हय?"

खंडाळा मागं पडतं. डावीकडच्या दारात किन्नर पोरगं अर्धं बाहेर लोंबकळून कडेचा अंदाज घेतंय. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे आहेत, आणि वाचलेल्या लिटरावर खूश होणारे मालकही. त्यांच्या ब्रेकचे ड्रम तापतात, लायनर जळतं, मग पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. दरीत गंजत पडलेले सांगाडे तू दिवसा पाहिलेले आहेत. रात्री ते दिसत नाहीत, एवढंच बरं.

तू तिसऱ्यात आहेस. दुसरा आत्ताच पडायला हवा होता. क्लच दाबतोस, दांडा ओढतोस. खर्रर्र! गिअर आत घेत नाही. दांडा मधेच लुळा पडतो आणि पायाखालची इंजिनाची पकड सुटते. गाडी हलकी होते, भयंकर हलकी. गुळाचं सगळं वजन पाठीवर आल्यासारखं ढकलू लागतं. समोर वळण, वळणात वर येणाऱ्या गाडीचा उजेड.

"ब्रेक थोडा. सोड. क्लच सोड. आता रेस दे, पोटभर. परत क्लच. टाक!"

दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. इंजिन किंचाळतं, गाडीचं मागून कुणी शेपूट धरावं तशी ती जागच्या जागी मंदावते. डिपर मारून तू थांबतोस, चढणाऱ्याला वाट देतोस. तो हॉर्नची एक बारीक टिंब टाकून निघून जातो.

त्यानंतर तुला ऐकू यायला लागतं. आधीही आवाज होतेच, तू छातीतलाच ऐकत होतास. आता इंजिनाचा सूर चढला की उतार वाढला हे कळतं, नाकाला जळका वास नाही हेही कळतं. भीती गेलेली नाही. तिला फक्त बसायला जागा मिळाली आहे, कानात आणि डाव्या पायात.

शिंगरोबाच्या देवळापाशी उस्ताद थांबायला सांगतात. या शिंगरोबा धनगरानं साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षिसात गोळी खाल्ली, असं सांगतात. उस्ताद नाणं टाकतात. किन्नर चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवतो, टॉमीनं टायर ठोकतो: ठण, ठण, ठण. उस्ताद तुझा हात धरून ड्रमजवळ नेतात. गरम आहे, पण हात ठेवता येतो.

"हात ठेवता आला, म्हंजे बरोबर उतरलास."

उरलेली वळणं सांगण्यासारखी नाहीत.

खोपोलीत दिवे दिसतात, सपाट रस्ता येतो आणि टपरीवर तुझ्या हातातला चहा बशीत सांडतो. गाडीत न थरथरलेला हात आता थरथरतोय. शरमून तू तो पाठीमागं नेतोस.

उस्तादांचा ग्लास अजून फळीवरच आहे. वाफ निघतेय. लोणावळ्यात एका दमात पिणारे उस्ताद इथं दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलेत, चहा निवायची वाट बघत.