बालवयातील उन्माद : एका निदानाचा इतिहास

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी 1899 मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत उन्माद आणि विषाद ही दोन वेगळी दुखणी नसून एकाच विकाराची रूपे आहेत असे मांडले आणि आज द्विध्रुवी विकार किंवा बायपोलर डिसऑर्डर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराला निश्चित आकार दिला. उन्माद म्हणजे नुसता अतिआनंद नव्हे. झोपेची गरज कमालीची घटणे, बोलण्याला व विचारांना आवर न राहणे, स्वतःच्या सामर्थ्याविषयी अवास्तव कल्पना बाळगणे ही त्याची लक्षणे होत. क्रेपेलिन यांचे खरे बळ त्यांच्या पद्धतीत होते : प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंदपत्रिका ठेवून आजार वर्षानुवर्षे कसा उलगडत जातो याकडे ते लक्ष देत, आणि म्हणून आवर्तन, म्हणजे ठरावीक काळ टिकून ओसरणारा व पुन्हा उद्भवणारा झटका, ही त्यांच्या विवेचनातील मध्यवर्ती कल्पना ठरली. त्यांच्या सुमारे 900 रुग्णांत दहा वर्षांच्या आत आजार सुरू झालेले अवघे 0.4 टक्के होते, परंतु प्रारंभाचे सर्वाधिक प्रमाण 15 ते 20 या वयोगटात होते.

यातील पहिला निष्कर्ष पुढच्या पिढ्यांनी उचलला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले. मुलाच्या अपरिपक्व मनात खरा विषाद संभवतच नाही, हे मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालील मत दीर्घकाळ टिकले. जेम्स अँथनी व पीटर स्कॉट यांनी 1960 मध्ये जुने रुग्णवृत्तान्त कडक निकषांवर तपासले, तेव्हा सुमारे साठांपैकी जेमतेम तीन त्यांत बसले. किशोरवयीनांची हानी अधिक गंभीर होती. ऐन उन्मादात भास व भ्रम होणाऱ्या मुलांना स्किझोफ्रेनियाचे रुग्ण ठरवले जाई, हे गॅब्रिएल कार्लसन व मायकेल स्ट्रोबर यांनी 1978 मध्ये दाखवून दिले. ही चूक केवळ नावाची नव्हती, कारण ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावरील लिथियमचा गुण प्रसिद्ध केला होता आणि 1970 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली होती. निदान चुकले की तो उपचारही हुकत असे.

पुढे लंबक उलट्या टोकाला गेला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 1980 च्या निदानपुस्तिकेने, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीने, मोठ्यांचे निकष मुलांनाही लागू होतात असे मानले. परंतु लहान मुलात ते कसे वाचावेत, हा प्रश्न शिल्लक राहिला. बोस्टन येथील जेनेट वोझ्नियाक, जोसेफ बीडरमन व त्यांचे सहकारी यांनी 1995 मध्ये असे प्रतिपादन केले की मुलांतील उन्माद बहुधा तीव्र चिडचिडीच्या रूपाने आणि सुट्या आवर्तनांऐवजी अखंड दिसतो; त्यांनी तपासलेल्या 262 मुलांपैकी 43 त्यांना उन्मादाच्या निकषांत बसणारी वाटली. याउलट सेंट लुईसच्या बार्बरा गेलर यांनी अवाजवी उल्हास किंवा मोठेपणाची कल्पना, यांपैकी एक तरी लक्षण असलेच पाहिजे, असा आग्रह धरला. चिडचीड ही तर नैराश्यात, चिंतेत, अतिचंचलतेत, किंबहुना उपाशी किंवा भेदरलेल्या मुलातही आढळते. तिला उन्मादाची मुख्य खूण मानणे म्हणजे आवर्तनाचा पाया काढून घेणे होते, आणि तेच घडले. अमेरिकेतील बाह्यरुग्ण भेटींत वीस वर्षांखालील मुलांना हे निदान मिळण्याचे प्रमाण 1994-95 मध्ये लोकसंख्येच्या दर लाखामागे 25 होते, ते 2002-03 मध्ये 1,003 वर पोहोचले. आजार आठ वर्षांत चाळीसपट होत नसतो. बदलली होती ती पाहण्याची रीत.

या वादाचा निवाडा पुन्हा काळानेच केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एलन लायबेनलुफ्ट यांच्या गटाने सतत चिडचिड्या मुलांचा आणि स्पष्ट आवर्तने असलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे सव्वादोन वर्षांत पहिल्या गटातील 84 पैकी एकाला, तर दुसऱ्या गटातील 93 पैकी 58 जणांना उन्मादाचा, सौम्य उन्मादाचा किंवा मिश्र झटका आला. चिडचिडी मुले मोठेपणी बहुधा नैराश्याकडे व चिंतेकडे वळतात, हेही इतर अभ्यासांतून पुढे आले. म्हणून 2013 च्या डीएसएममध्ये अशा मुलांसाठी, भावनांचे नियमन सतत बिघडलेले असणे या अर्थाचे, डीएमडीडी हे वेगळे निदान आले.

उपचारांचा प्रश्न मात्र त्यामुळे सोपा झाला नाही. गेलर यांच्याच 2012 मधील चाचणीत 6 ते 15 वर्षांच्या मुलांपैकी रिस्पेरिडोनने 68.5 टक्के, लिथियमने 35.6 टक्के आणि व्हॅलप्रोएटने 24 टक्के मुलांना गुण आला, परंतु रिस्पेरिडोनबरोबर वजनवाढ व चयापचयातील बिघाडही आले. लिथियमसाठी रक्तातील पातळी, मूत्रपिंडे व थायरॉइड यांची वारंवार तपासणी लागते. औषधांच्या जोडीला डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी कुटुंबकेंद्री उपचारपद्धती किशोरवयीनांसाठी घडवली, जिच्यात घरातील माणसांना झटक्याच्या पूर्वखुणा ओळखण्यास शिकवले जाते. आणि आईवडिलांनी रोजची झोप, मनःस्थिती व औषधे टिपून ठेवलेला साधा तक्ता आज डॉक्टरांच्या टेबलावर असतो, कारण एका भेटीत न दिसणारे आवर्तन त्या तक्त्यात दिसते.