पीनस आणि तापीकाठचे घरगुती उपचार

तापी नदी सुरतेस पोहोचण्यापूर्वी ज्या जुन्या गावाच्या कडेने वाहते, त्या कामरेजची आजची ओळख महामार्गावरील चौफुली आणि आसमंतातील उसाची शेती एवढ्यापुरतीच उरली असली, तरी इतिहासाच्या दप्तरात या गावाचे स्थान लहान नाही. नवसारीच्या चालुक्य शाखेतील युवराज श्र्याश्रय शीलादित्य याच्या कलचुरी संवत ४४३ मधील, म्हणजे इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या, ताम्रपटात ‘कार्मणेय आहार’ या विभागाचा उल्लेख आहे आणि ते कार्मणेय म्हणजेच कामरेज असे संशोधक मानतात. २००३ साली येथे झालेल्या उत्खननात त्याहूनही शतकानुशतके जुन्या नदीबंदराच्या खुणा मिळाल्या. राजवटी आणि लढाया यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला येथे मांडावयाचा आहे तो या खोऱ्यात मुरलेल्या एका नित्याच्या दुखण्याचा, पीनसाचा, आणि त्यावर घरोघर चालत आलेल्या उपायांचा.

आज ज्याला आपण सायनसचा त्रास म्हणतो, त्याचे मूळ कपाळ, गाल आणि डोळ्यांच्या मधली हाडे यांतील पोकळ्यांत असते. गालाच्या हाडातील पोकळीचे सविस्तर वर्णन नॅथॅनिअल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ साली प्रसिद्ध केले. या पोकळ्यांचे अस्तर सुजले, नाकात उघडणारी त्यांची बारीक द्वारे बुजली आणि आत स्राव साचला, की डोके जड होते, वाकले असता कपाळात ठणका बसतो आणि वास येईनासा होतो. शरीररचनेचे हे ज्ञान हाती नसतानाही या देशातील वैद्यांनी रोगाची लक्षणे मात्र फार बारकाईने टिपली होती. सुश्रुताने उत्तरतंत्रात नाकाचे एकतीस रोग मोजले, प्रतिश्यायास, म्हणजे पडशास, स्वतंत्र अध्याय दिला आणि कच्च्या पडशाचा व पिकलेल्या पडशाचा उपचार वेगळा, हा विवेक घालून दिला. नाक हे मस्तकाचे द्वार होय, हे वाग्भटाने सांगितलेले तत्त्व नाकात औषध सोडण्याच्या नस्यविधीच्या मुळाशी आहे.

या उपचारांना लागणारी द्रव्ये कोणत्या वाटेने जात-येत होती, हे पाहिले म्हणजे तापी-नर्मदेच्या किनाऱ्याचे महत्त्व ध्यानात येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या प्रवासवृत्तात भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाची जी यादी आहे, तिच्यात जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ आणि पिंपळी ही नावे हस्तिदंत व सुती कापडाच्या शेजारी येतात. यांपैकी जटामांसी आणि गुग्गुळ ही चरकाने सांगितलेल्या धूमवर्तीची अंगे होत. ती वर्ती करण्याची रीत अशी, की द्रव्ये वाटून त्यांचा लगदा शरकांडीवर लिंपावयाचा, तो अंगठ्याएवढा जाड, आठ अंगुळे लांब आणि मध्ये जवाच्या दाण्याप्रमाणे फुगीर ठेवावयाचा, वाळल्यावर आतली काडी काढून घ्यावयाची आणि पोकळ वर्तीस तूप लावून ती नळीत घालून पेटवावयाची. धूर नाकाने घेतला तरी सोडावयाचा तो तोंडानेच, असा कडक नियम होता. त्याच चरकसंहितेत अणुतैलाचे नस्य सांगितले आहे आणि त्यासाठी प्रावृट्, शरद व वसंत या ऋतूंतील निरभ्र दिवस नेमून दिले आहेत. उपाय केव्हा करू नये हेही सांगणारी ही शिस्त मला त्या द्रव्यांइतकीच मोलाची वाटते.

पुढे १७१९ साली सेनापती दाभाड्यांच्या पदरी असलेल्या पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड घेतले आणि कालांतराने सुरतेभोवतीच्या ‘सुरत अठ्ठाविशी’ या प्रदेशातील पुष्कळसा मुलूख गायकवाडांच्या अंमलाखाली आला. कामरेज हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील एक महाल झाला. प्रांतावर सुभा, महालावर वहिवाटदार, आणि त्यांच्या कचेऱ्यांतून कारकून, फडणीस, शिरस्तेदार अशी ती व्यवस्था होती. गायकवाडी अंमलाबरोबर देशावरची आणि कोकणातली मराठी कुटुंबे गुजरातेत येऊन स्थायिक झाली, तर वरच्या अंगाला खानदेशातून तापी वाहत असल्यामुळे त्या मुलखाशी जाणे-येणे पूर्वापार होतेच. दोन भाषांची घरे शेजारी नांदली, तेव्हा जो मराठीतला ओवा तोच गुजरातीतला अजमो, आणि दोन्ही स्वयंपाकघरांत नाक चोंदल्यावर पहिला हात जाई तो त्याच डब्याकडे.

ओव्याच्या पुरचुंडीची कृती आजही तीच आहे. लोखंडी तव्यावर मूठभर ओवा मंद आचेवर कोरडाच परतावयाचा. तडतड थांबून उग्र दर्प सुटला, की तो जुन्या धुवट मलमलीच्या फडक्यात घेऊन हातावर किंचित चोळावयाचा, घट्ट गाठ मारावयाची, आणि ती पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून, सोसेल अशी झाल्यावरच रोग्याच्या कपाळावर, भुवईच्या वर आणि नाकपुडीच्या बगलेला शेकत हुंगावयास द्यावयाची. याच्या जोडीला सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा कोमट लेप, वेखंडाची पूड, कुळथाचे कढण, आले-तुळशीचा काढा, आणि रात्री डोक्यावरून पांघरूण घेऊन पातेल्यातली वाफ, हा सारा परिवार होता. या उपचारांचे ज्ञान सासूकडून सुनेकडे आणि आजीकडून नातीकडे जाई, आणि ते जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांनी राखले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

परंतु हा परिवार अनादी व अचल होता असे समजणे चुकीचे ठरेल. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली आणि तिच्यापासून झालेली तपकीर डोके मोकळे करण्याच्या मिषाने घराघरांत शिरली. तिने शिंका येत, पण नाकाचे अस्तर होरपळे. निलगिरीचे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर त्याची लागवड १८४३ च्या सुमारास झाली, आणि आज त्याच्या तेलाचे दोन थेंब रुमालावर टाकताना ते परके आहे असे कोणास वाटतही नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जहाजांनी जर्मनीस जाई आणि तेथे त्याचे सत्त्व, ज्यास आपण ओव्याचे फूल म्हणतो, काढले जाई; युद्धाने तो व्यवहार तोडल्यावर ते सत्त्व येथेच काढण्याची तजवीज होऊ लागली. १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन काढले आणि कपाळावरच्या लेपाची जागा बाटलीतल्या मलमाने घेतली. एवंच, घरगुती उपचार ही परंपरा खरी, पण बाहेरून आलेले पारखून घेणारी आणि म्हणूनच जिवंत राहिलेली परंपरा होय.

या परंपरेस प्रयोगशाळेची कसोटी लावण्याचे मोठे कार्य ज्यांनी केले, ते बडोदे संस्थानच्याच मातीतून निघाले, याचा मला विशेष अभिमान वाटतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ साली डभोईस झाला. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी योगाचा अभ्यास केला. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी योगक्रियांचे परीक्षण क्षकिरणांच्या साहाय्याने आरंभले, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. हठयोगाच्या ग्रंथांतील षट्कर्मांपैकी, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांपैकी, नेती ही मूळची सुताची. नाकातून सूत घालून ते तोंडावाटे काढणे सामान्य संसारी माणसास अवघडच. विसाव्या शतकात सुताच्या जागी रबरी नळी आली, आणि तोटीच्या लोट्याने एका नाकपुडीतून घातलेले कोमट मिठाचे पाणी दुसरीतून बाहेर सोडण्याची जलनेती गृहस्थांच्या न्हाणीघरापर्यंत पोहोचली. आधुनिक वैद्यकही आज दीर्घकालीन सायनसच्या विकारात मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची शिफारस करते. कारण त्याने साचलेला चिकट स्राव सुटतो आणि कोरड्या अस्तरास ओलावा मिळतो. वाफेच्या बाबतीत पुरावा तितका सबळ नाही. तिने घटकाभर बरे वाटते, पण उकळते पातेले कलंडून मुले भाजल्याच्या दुर्घटना घडतात, हे विसरता येत नाही.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, कामरेजचा महाल सुरत जिल्ह्याचा तालुका बनला आणि वहिवाटदाराची कचेरी इतिहासजमा झाली; ओव्याची पुरचुंडी मात्र राहिली. ती राहावी, परंतु जुन्यांच्या विवेकासह राहावी, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे. नेती करणाऱ्याने पाणी उकळून निववूनच घ्यावे, कारण कच्च्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूत शिरल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो. अर्ध्या लिटर पाण्यास सुमारे साडेचार ग्रॅम मीठ पुरे, आणि लोटा प्रत्येक वेळी धुऊन वाळवून ठेवावा. लहान मुलांस पातेल्याची वाफ देऊ नये. दहा दिवसांत उतार न पडला, किंवा ताप चढला, डोळ्याभोवती सूज आली, दृष्टी अंधुक झाली, तर तव्यावरचा ओवा बाजूस ठेवून विनाविलंब डॉक्टरांचे दार गाठावे.