अमझेऱ्याच्या शिवारात

गोव्याहून माळव्यात जाणारा माणूस बहुधा मांडूसाठी जातो. इंदूरला उतरायचे, पोहे-जिलेबी खायची, रूपमतीच्या छत्रीतून खाली पसरलेले निमाड पाहायचे, वेळ उरलाच तर धारच्या भोजशाळेत डोकावून परतीची गाडी धरायची. अमझेरा या वाटेवर येत नाही. धारपासून पश्चिमेला साधारण तीस किलोमीटरवर असलेले हे लहानसे गाव मुद्दाम गेल्याशिवाय दिसत नाही. पण मराठी माणसाने एकदा तरी तिथे मुद्दाम जावे असे मला वाटते. ते का, तेच या लेखात सांगायचे आहे.

धार सोडले की दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. थंडीच्या दिवसांत गहू आणि हरभरा, पावसाळ्यात सोयाबीन, मका, कापूस. आम्हा गोमंतकीयांच्या डोळ्यांना भाटे आणि शेत यांच्यामध्ये डोंगर हवा असतो. इथे नजर अडत नाही. पण ही सपाटी फसवी आहे. थोडे दक्षिणेला गेलात की पठार एकाएकी संपते आणि विंध्याचे कडे खाली नर्मदेच्या खोऱ्यात उतरतात. उत्तरेला सरदारपूरच्या बाजूला मही नदी उगम पावते आणि गुजरातेत खंबातच्या आखाताला मिळते. या भागातल्या भिल्ल-भिलालांच्या वस्त्या आपल्या वाड्यांसारख्या दाटीच्या नसतात. ज्याचे घर त्याच्या शेतात, आणि दोन घरांमध्ये हाक ऐकू जाईल एवढे अंतर. होळीआधीच्या भगोरिया बाजारात हीच विखुरलेली माणसे एकत्र येतात.

गावाबाहेर अंबिकेचे देऊळ आहे. लोक त्याला अमका-झमका म्हणतात आणि गावाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. रुक्मिणी देवीच्या दर्शनाला आली आणि श्रीकृष्णाने तिला रथात घेतले ते याच देवळातून, अशी गावाची श्रद्धा. आपल्याकडे हाच मान विदर्भातल्या कौंडिण्यपूरला आहे. यात खरे-खोटे करीत बसण्यात अर्थ नाही. रुक्मिणी आपल्याच गावची, असे दोन गावांना वाटते, यातच तिचा मोठेपणा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. २९ नोव्हेंबर १७२८ या दिवशी या अमझेऱ्याच्या परिसरात चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर दोघेही त्या लढाईत पडले. चिमाजी अप्पा तेव्हा जेमतेम विशीत होते. बरोबर उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर. बाजीराव स्वतः त्या वेळी वऱ्हाडच्या बाजूने निघाले होते आणि पुढे छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात पोचले.

ही लढाई कशी झाली ते जमीन पाहिल्यावर चटकन कळते. दक्षिणेकडून येणाऱ्या फौजेला नर्मदा ओलांडल्यावर पठारावर चढायला घाटच हवा. सह्याद्री चढून-उतरून वाढलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. रामघाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती गोव्याचे दार, हे आपल्या इतिहासानेच शिकवले आहे. गिरधर बहादुराने अमझेऱ्याजवळ मोर्चे बांधले आणि मराठे याच बाजूने चढणार असे धरून वाट रोखली. मराठे मांडूच्या बाजूने वर आले आणि त्याच्या पाठीवर पडले. जड तोफखाना आणि बाजारबुणगे घेऊन बसलेल्या फौजेला एवढ्या वेळात तोंड फिरवता आले नाही. या विजयानंतर अप्पांनी उज्जैनला वेढा घातला, पण गिरधर बहादुराचा मुलगा भवानीराम याने ते शहर लढवले आणि उज्जैन पडले नाही. तरीही माळव्याचे दार उघडले ते उघडलेच. १७३२ साली माळव्याच्या मुलुखाची शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात वाटणी झाली. धार आनंदराव पवारांकडे आले. देवास तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांकडे गेले आणि एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदली.

गंमत म्हणजे अनेक वर्षे ही लढाई इतिहासाच्या पुस्तकांत वेगळ्याच ठिकाणी आणि वेगळ्याच साली होती. सर जॉन माल्कम १८१८ नंतर माळव्यात कारभार पाहत होता. त्याने मध्य हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. त्याने स्थानिक लोकांकडून ऐकून लिहिले की दया बहादूर धारजवळच्या तिरला गावी मारला गेला. पुढे या लढाईसाठी १७३१-३२ हे साल रूढ झाले. या हकीकतीचा गाभा असा की मोगल सुभेदाराच्या करवसुलीने गांजलेल्या जमीनदारांनी आणि रयतेनेच मराठ्यांना बोलावले. इंदूरचे जमीनदार नंदलाल मंडलोई यांचे नाव त्यात मुख्य. मग १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्यात अमझेऱ्याच्या लढाईची त्याच वेळची पत्रे मिळाली. सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह यांनी त्या कागदांच्या आधाराने १९३६ साली माळव्याच्या या कालखंडावरील ग्रंथात लढाईची जागा आणि तारीख निश्चित केली. दोन्ही भाऊ १७२८ सालीच पडले होते. तिरल्याच्या कथेला आधार उरला नाही.

हा नुसता तारखेचा घोळ नाही. लोकांनी बोलावले म्हणून आम्ही गेलो, असे जिंकणाऱ्याला नेहमीच म्हणावेसे वाटते. पोर्तुगीजांनीही गोव्यात आपल्याला बोलावले गेले असेच सांगितले, आणि तिमय्याचा दाखला त्यासाठी आजही दिला जातो. काही जमीनदारांचा मराठ्यांशी आतून संबंध असेलही. पण ज्याचे शिवार फौजेच्या घोड्यांनी तुडवले, ज्याने घासदाणा आणि खंडणी भरली, त्या शेतकऱ्याला कोणी विचारले होते काय? पत्रांत शत्रूचे हत्ती, घोडे, नगारे यांची मोजदाद असते. पिकाची नसते. नोव्हेंबरच्या अखेरीस इथे रब्बीचे पीक जमिनीबाहेर नुकतेच डोके काढते. अमझेऱ्याच्या शिवारात उभे राहिल्यावर हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आम्हा गोव्याच्या लोकांना तर हा प्रश्न दोन्ही बाजूंनी भिडतो. हेच चिमाजी अप्पा पुढे मे १७३९ मध्ये वसई घेतात, आणि त्या विजयाने आपली मान आजही ताठ होते. वसईला गोव्याहून कुमक जाऊ नये म्हणून त्याच वर्षाच्या सुरुवातीला व्यंकटराव घोरपड्यांची फौज साष्टीत उतरली. मडगाव घेतले, राशोलला वेढा पडला. पोर्तुगीज सत्तेला हादरा बसला हे खरे. त्या फौजेने ज्या गावांतून वाट काढली त्या गावांतल्या घरांनी दारे लावून घेतली असतील, हेही तितकेच खरे मानावे लागेल. फौज आपली असली तरी ती कोणत्या तरी गावातून जातेच.

अमझेऱ्याच्या नशिबात मात्र आणखी एक वळण होते. जिथे मराठ्यांनी माळवा जिंकला ते गाव मराठ्यांच्या थेट राज्यात गेलेच नाही. तिथे राठोडांची गादी राहिली आणि ती शिंद्यांना खंडणी देत आली. १८५७ च्या जुलैत अमझेऱ्याच्या लोकांनी जवळच्या भोपावर येथील इंग्रज एजन्सीवर हल्ला केला. राव बख्तावरसिंह पकडले गेले आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला त्यांना फाशी देण्यात आली. मग इंग्रजांनी अमझेरा शिंद्यांना देऊन टाकले. लढाईनंतर सव्वाशे वर्षांनी गाव ग्वाल्हेरच्या ताब्यात आले ते असे, एका शूर माणसाच्या फाशीची किंमत म्हणून. गावात आदराने घेतले जाते ते बख्तावरसिंहांचे नाव. चिमाजी अप्पांना शोधत जाणाऱ्या मराठी माणसाने हे समजून घ्यायला हवे. त्याचा विषाद मानायचे कारण नाही.

मराठी माणूस माळव्यात केवळ तलवार घेऊन गेला असेही नाही. कारकून गेले, शास्त्री-पुराणिक गेले, गवई गेले. धारच्या किल्ल्यात आनंदीबाईने आसरा घेतला आणि तिथेच १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला. आणि १९४८ साली देवासला आले कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, कानडी घरचा हा मुलगा मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला आणि क्षयाने पोखरलेली छाती घेऊन कोरड्या हवेसाठी माळव्यात राहिला. पाच-सहा वर्षे गाणे बंद. त्या काळात त्यांनी खाटेवर पडून बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकली. ऐकता ऐकता ती टिपली, त्या धुनांतून पुढे नवे राग बांधले आणि १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, देवासलाच राहिले.

दक्षिणेतून माळव्यात आलेल्यांत कोणी काय नेले आणि कोणी काय ऐकले याचा हिशेब मांडला तर कुमारांचे पारडे जड भरेल. गाण्यावर जीव टाकणाऱ्या गोमंतकीयाला ते पटवून द्यायची गरज पडू नये.

तेव्हा मांडूला जाल तेव्हा एक दिवस जास्त ठेवा. धारला मुक्काम करून सकाळी अमझेऱ्याला निघा. अंबिकेला नमस्कार करा, राव बख्तावरसिंहांची आठवण करा आणि गावाबाहेर शेताच्या बांधावर थोडा वेळ बसा. पिकात कोणी राबत असेल तर दोन शब्द बोला. तो त्याच्या माळवीत बोलेल, तुम्ही मोडक्या हिंदीत. लढाईविषयी त्याला काही ठाऊक असेलच असे नाही. यंदा पाऊस कसा झाला ते मात्र तो नक्की सांगेल.