ऋण टोक आधी की धन?

गाडीची बॅटरी घरी बदलताना ऋण टोकाची वायर आधी काढायची, नवी बसवताना ती सगळ्यात शेवटी जोडायची, हे तुम्ही ऐकलं असेल. आता समोर १९६२ सालची ब्रिटिश एमजीबी आहे असं समजा. तिथे हाच नियम पाळलात तर घोटाळा! १९६७पर्यंत या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असायचं. तेव्हाच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत तसंच होतं.

म्हणजे नियम मुळात ऋण-धनाचा नाहीच, बॉडीला जोडलेल्या टोकाचा आहे. ते जोडलेलं असताना दुसऱ्या टोकावरचा पाना बॉडीला टेकला, की शॉर्ट सर्किट होऊन ठिणगी उडते. आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. गास्तों प्लांतेने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली, रसायन मूळचं तेच राहिलं. गाडीतली जोडणी मात्र बदलली.

तेव्हा जुन्या मॅन्युअलमध्ये 'धन आधी' दिसलं, तर छपाईची चूक म्हणून खोडू नका (मीही पेन उचललं होतं). गाडीचं साल बघा, आणि बॉडीकडे जाणारी वायर कुठल्या टोकाची आहे तेही.