पहिलीपासून इंग्रजी: पालीतून बघताना

आजचा विषय आमच्या बीडजवळच्या पालीतून. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा, सरकारी भाषा उर्दू. आजोबांच्या पिढीला नोकरीसाठी उर्दू लागायची. वडिलांना पाचवीपासून इंग्रजी आलं. 2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं. खेड्यातलं पोर मागे पडू नये, हा हेतू. आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, असा विरोधही झाला. मी त्या सुरुवातीच्या बॅचमधला. पण बघा, द्विशिक्षकी शाळेत एकच गुरुजी दोन-दोन वर्ग सांभाळणार: पहिलीला चित्रांवरून शब्द, तेवढ्यात तिसरीला वाक्यं. निर्णय मुंबईत झाला, निभावला मात्र गुरुजींनी. इतिहासात त्यांचंही नाव हवं ना?