कोबीचा पाला आणि विहिरीचे पाणी

पहाटे मार्केट यार्डात माल उतरला की गाळ्यापुढे कोबीचे गड्डे सोलायला घेतात. बाहेरची फाटकी, चिखल लागलेली पाने काढून टाकली की आतला हिरवा गड्डा तराजूकडे जातो आणि पाल्याचा ढीग रस्त्याकडेला वाढत राहतो. प्रदूषित जमिनीच्या शासकीय धोरणाची ओळख या पाल्यापासून करून द्यावी, याचे वाचकांना नवल वाटेल. प्रदूषित जमीन म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रसायनांची गंजकी पिंपे येतात. पाला तर गाईगुरांच्या तोंडचा घास.

पण हाच ओला कचरा मिश्र ढिगात दाबला गेला, हवेवाचून आंबला, की त्यातून आम्ले सुटतात. शेजारी पडलेल्या फुटक्या सेलमधले आणि रंगाच्या डब्यांतले धातू त्या आम्लात विरघळू लागतात. वर पाऊस पडला की ढिगाच्या तळाशी काळे पाणी साचते. कार्यालयीन भाषेत त्याला ‘लीचेट’ म्हणतात. दख्खनचा काळा पाषाण दिसायला अभेद्य, पण त्याला सांधे आणि भेगा फार. पाणी कोणत्या भेगेने कोणाच्या विहिरीत जाईल, हे नकाशावरून कळत नाही.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी हे भोगले आहे. ऐंशीच्या दशकापासून पुण्याचा कचरा तिथे जाऊ लागला, डेपोचा पसारा 163 एकरांवर गेला. विहिरी नासल्या, टँकर सुरू झाले आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. या आंदोलनांना शहराने ‘कचराकोंडी’ असे नाव दिले. कोंडी शहराची मोजली गेली, गावाची नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे.

धोरण मात्र हळूहळू जागे झाले. 2016 च्या घनकचरा नियमांनी जुन्या डेपोंची तपासणी करून बायोमायनिंगची शक्यता पाहणे बंधनकारक केले. 2019 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याची कार्यपद्धती घालून दिली आणि 2021 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात जुने डेपो रिकामे करणे हे उद्दिष्टच ठरले. बायोमायनिंगचे काम दिसायला साधे आहे. ढीग उकरायचा, त्याच्या लांबट रांगा लावायच्या, जिवाणूंचे कल्चर फवारायचे, रांगा उलटत राहायचे आणि वाळलेला माल ट्रॉमेलच्या फिरत्या चाळणीतून काढायचा. माती एकीकडे, दगडविटा दुसरीकडे. प्लॅस्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांकडे. निवडण्याची ही विद्या पुण्याला नवी नाही. बाबा आढावांच्या पुढाकाराने 1993 मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ज्यांची आहे, त्या कचरावेचक बायकांच्या हातात ती आधीपासून होती.

आता खरी मेख. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम केले. संशयित जागांची यादी, तपासणी, शुद्धीकरणाचा आराखडा आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करणे, अशी साखळी त्यात आहे. राजस्थानातील बिछडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच खर्चवसुलीचे हे तत्त्व उचलून धरले होते. मात्र घनकचऱ्याचे डेपो या नियमांतून सर्वसाधारणपणे वगळले आहेत, कारण त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे. कागदावर ही विभागणी समजण्यासारखी आहे; तरी मला ती अपुरी वाटते. कचऱ्याचा कायदा ढिगाचे टन मोजतो. काळे पाणी ढिगाबरोबर उचलले जात नाही.

शिवाय कारखान्याच्या जागेवर दोषी शोधता येतो. डेपोवर कोणाला शोधणार? तिथला पाला मंडईचा, डबे तुमच्या-आमच्या घरचे.

नव्या वाचकांनी नियमांच्या कलमांनी बिचकू नये. सुरुवात एखाद्या जागेपासून करावी. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोवर आज मेट्रोचा डेपो उभा आहे. मोकळ्या झालेल्या जमिनीला किती पटकन भाव येतो, हे तिथे कळते. मग हडपसरहून सासवड रस्त्याला लागा, मंतरवाडीला उतरा आणि उरुळीचा डेपो पाहा. एखाद्या जागेविषयी ‘जमीन स्वच्छ झाली’ असे वाचाल, तेव्हा किती टन कचरा हलवला हा आकडा बाजूला ठेवा. भोवतालच्या विहिरींच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागा. माहितीच्या अधिकारात त्यासाठी एक साधा अर्ज करता येतो.